ग्रिड कोड असताना पारेषण कंपन्यांच्या व्यवहारपद्धती वेगळ्या प्रमाणित कशाला करायच्या?

तुम्ही विचारलंय की विजेची ने-आण ग्रिड कोडने, म्हणजे ग्रिड चालवायच्या तांत्रिक नियमांनी, बांधलेली असताना अर्ज, शेड्यूल, बिलं यांच्या पद्धतीही सगळ्यांनी एकसारख्या करायचा खटाटोप कशाला, प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने केलं तर बिघडतं कुठे. आमचं एका शून्यापाशी बिघडलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

2013 साली मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका भट्टीच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल सांभाळत होतो. भट्टी रात्रीची चालायची, 22 ते सकाळी 6. त्या आठ तासांसाठी 6 मेगावॅट आम्ही ओपन अ‍ॅक्सेसने (म्हणजे दुसऱ्याच्या लाइनी वापरून थेट आपल्या पसंतीच्या उत्पादकाची वीज घ्यायची सोय) परराज्यातल्या उत्पादकाकडून घ्यायचो, मधे एक ट्रेडर. भार प्रेषण केंद्राच्या (कोणी कधी किती वीज घालायची-घ्यायची ते शेड्यूल सांभाळणाऱ्या केंद्राच्या) तक्त्यात दिवसाचे 96 ब्लॉक असतात, पहिला 00:00 ते 00:15. तिथे गोंधळाला जागाच नाही. पण ट्रेडर, उत्पादक आणि आम्ही यांच्यात फिरायची ती तासांची एक्सेल शीट. तिला कोणाचाच नियम नव्हता.

आमच्या शीटमध्ये तास सुरू होतो तो आकडा लिहायचा. 22 म्हणजे 22 ते 23. ऑगस्टअखेर उत्पादक बदलला. नव्या उत्पादकाकडे तास संपतो तो आकडा लिहायची रीत, म्हणजे त्यांचा 22 हा 21 ते 22. दोन्ही रीती जगात चालतात. अमेरिकेच्या वीजबाजारात तर ‘अवर एंडिंग’ हीच रूढ आहे. आमच्या रकान्यात होतं 22, 23, 0, 1 असं 5 पर्यंत. त्यांच्या रीतीत 0 नावाचा तासच नसतो, तिथे 24 असतो. त्यांच्या डेस्कवरच्या मुलाला आमचा 0 ही टायपिंगची चूक वाटली आणि त्याने चांगल्या मनाने तो 24 करून टाकला. सगळ्या शीटमध्ये गडबड उघडी पाडू शकेल अशी तेवढी एकच खूण होती, तीच पुसली गेली.

शेड्यूल एक तास अलीकडे सरकलं. 21 ते 22 ला आमच्या नावे 6 मेगावॅट येतेय आणि भट्टी बंद. पहाटे 5 ते 6 ला भट्टी जोरात आणि शेड्यूल शून्य. आधीच्या तासाचे पैसे भरून वीज ग्रिडमध्ये सोडलेली, शेवटच्या तासाची वीज शेड्यूलबाहेर ओढलेली, तिचा हिशेब यूआयच्या, म्हणजे शेड्यूलबाहेरच्या विजेच्या, दराने. रोज 6,000 युनिट इकडे, 6,000 तिकडे. मीटरचा डेटा आठवड्याने उतरवून ब्लॉकवार जुळवला तेव्हा कळलं. सात रात्री, म्हणजे दोन्ही बाजूंना 42,000 युनिट.

तो चवथीच्या आधीचा आठवडा. मीटिंगमध्ये आमचे खरेदीवाले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “एवढी साधी गोष्ट फोनवर विचारून घेता येत नव्हती?” माझा बोनस अडकला. पैसे नंतर मिळाले, ते वाक्य मात्र माझ्या नावावर राहिलं. खरं म्हणजे फोन झालेला होता. मी स्वतः केला होता. पलीकडून विचारलं, “22 पासून ना?” मी म्हटलं, “हो, 22 पासून.” दोघंही खरं बोलत होतो! साहेबांचं मत होतं की माणसं समजूतदार असली की फॉर्मेटची गरज पडत नाही. त्या व्यवहारात तीन समजूतदार माणसं होती, एकानेही आळस केला नव्हता. रकान्याचा अर्थ आधी ठरलेला नसेल तर समजूतदारपणा काय करणार?

आता तुमचा प्रश्न. ग्रिड कोड बघतो ते ग्रिड शाबूत राहील का ते: फ्रिक्वेन्सी 49.90 ते 50.05 हर्ट्झमध्ये आहे का, व्होल्टेज किती, लोड कधी कमी करायचं. लाइन वापरायचा अर्ज मिळाला असं कधीपासून धरायचं, उत्तर किती दिवसांत द्यायचं, बिलातली चूक कोणी कधी सुधारायची, हा व्यवहार आहे. अमेरिकेत ही दोन कामं दोन संस्थांकडे आहेत. ग्रिडची सुरक्षितता नर्क (NERC) या संस्थेकडे. व्यवहाराच्या रीती नॉर्थ अमेरिकन एनर्जी स्टँडर्ड्स बोर्डाकडे. हे बोर्ड 2002 चं, त्याआधी ते फक्त गॅसपुरतं होतं. त्याने घाऊक विजेसाठी केलेली मानकं तिथल्या फर्क (FERC) या केंद्रीय नियामकाने 2006 च्या 676 क्रमांकाच्या आदेशाने बंधनकारक केली.

मूळ 1996 मध्ये आहे. फर्कच्या आदेश 888 ने लाइनींच्या मालकांना सांगितलं की स्वतःला जसं वागवता तसंच परक्यालाही वागवा, आणि 889 ने लाइनीत किती जागा शिल्लक आहे ते ओअ‍ॅसिस नावाच्या व्यवस्थेवर सगळ्यांना एकदम दिसेल असं करायला लावलं. पण प्रत्येक कंपनीची मार्गांची नावं वेगळी, उत्तराची मुदत वेगळी, फॉर्म वेगळा असेल तर घरच्या ट्रेडरला सगळं पाठ असतं आणि बाहेरचा चाचपडत राहतो. दार उघडं ठेवून उंबरा उंच करण्यातला प्रकार. मला विचाराल तर प्रमाणीकरणाचं खरं कारण हेच आहे, कार्यक्षमता वगैरे नंतर.

आपल्याकडे हे काम नियमांतच मिसळलेलं आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या 2008 च्या ओपन अ‍ॅक्सेस नियमांत राज्य भार प्रेषण केंद्राने संमती कळवायला 3 कामाचे दिवस, पहिल्यांदाच अर्ज असेल तर 7, असं बांधून दिलं होतं. हे चांगलंच झालं. तरी अमेरिकेतली एक गोष्ट मला जास्त पटते: तिथे मसुदा धंद्यातली माणसं एकत्र बसून करतात आणि नियामक शेवटी शिक्का मारतो. फॉर्म रोज भरणारा माणूस त्या टेबलावर असेल तर रकान्याच्या नावावरून तो भांडेलच.

गोव्याला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, हे मी ठासून सांगेन. आमच्याकडे स्वतःचं मोठं वीज केंद्र नाही. कोल्हापूरहून 400 केव्हीची लाइन म्हापशाजवळ कोलवाळला येते, कर्नाटकातल्या आंबेवाडीहून 220 केव्हीने फोंडा आणि शेल्डे. आम्ही देशाच्या ग्रिडच्या पश्चिम विभागात, पण दक्षिणेच्या रामगुंडम वीज केंद्रातूनही 100 मेगावॅटचा वाटा. माझी ही गोष्ट घडली तेव्हा दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एकतालात जोडलेलंही नव्हतं, ते झालं 31 डिसेंबर 2013 ला. जिथे प्रत्येक युनिट दुसऱ्याच्या लाइनीवरून, दुसऱ्याच्या वहीतून येतं, तिथे वह्या एका रीतीने लिहिलेल्या असणं ही आमचीच गरज.

तुम्ही या धंद्यात उतरणार असाल तर पहिल्या दिवशी भाव विचारू नका, ब्लॉक विचारा. ‘22’ लिहू नका, ‘22:00 ते 22:15, ब्लॉक 89’ असं लिहा. कोणी तुमचा आकडा दुरुस्त केला तर त्याला आधी थांबवा आणि का केला ते लेखी मागा. ‘फोनवर बोलून घेतो’ म्हणणाऱ्या वरिष्ठाला मेल टाकायला लावा. तो चिडेल, चिडू दे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मे 2022 पासून अल्पकालीन ओपन अ‍ॅक्सेसचे अर्ज राष्ट्रीय नोंदणी पोर्टलवर होऊ लागले आणि ऑक्टोबर 2023 पासून जीएनएची (जनरल नेटवर्क अ‍ॅक्सेस, ग्रिड वापरायच्या परवानगीची नवी पद्धत) व्यवस्था आली, त्यामुळे माझ्या वेळचे कागद आता बरेच बदललेत; पोर्टलच्या आतला घोटाळा संपला, कंपन्यांच्या आपसातल्या शीट मात्र चालूच आहेत. आणि पद्धत एक करणं म्हणजे भाव किंवा कराराच्या अटी एक करणं नव्हे, तिथे ज्याने त्याने आपलं बघावं.

साहेब निवृत्त झाले, मीही तो कारखाना सोडला. त्या आठवड्याची शीट अजून माझ्याकडे आहे, दोन्ही प्रती, 0 वाली आणि 24 वाली. दोन्हीत पहिल्या रकान्यावर नुसतं ‘तास’ लिहिलंय.