बारा जण, सोलापूर ते कोल्हापूर सायकलने: पहिल्या दिवशी किती अंतर ठेवावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात बारा जण तीन दिवसांत कोल्हापूरला निघालाय, निम्मे नवखे आहेत, तर पहिल्याच दिवशी मिरज गाठावं का. माझं स्पष्ट मत: नाही. मंगळवेढ्यावरून सांगोल्यापर्यंतच जा, साधारण ८५ किलोमीटर. नवख्यांचे पाय एक दिवस जास्तीचं ओढून नेतील; बैठक मात्र दुसऱ्या सकाळी सीटवर टेकू देणार नाही.

पावणेसातला, उजाडल्यावरच निघा. हंगाम उसाचा आहे. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागे दिवा नसला तर अंधारात तो जवळ गेल्यावरच दिसतो. त्याच्या आडोशाने वारा वाचवत चालवू नका. मागची ट्रॉली झोलते आणि ऊस चाकापुढे पडतो. दुपारी एकपर्यंत सांगोला गाठायचं कारण वेगळं आहे. रस्ता पश्चिमेकडे जातो. उतरत्या दुपारी ऊन तुमच्या डोळ्यांवर येतं, तसंच मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही, आणि त्याला तुम्ही दिसत नाही.

बाराजणांची एकच रांग लावू नका. चौघांचे तीन गट करा, प्रत्येकात पुढे एक आणि शेवटी एक अनुभवी. सर्वात हळू चालवणारा पुढच्याच्या लगेच मागे. शेवटी ठेवलात तर प्रत्येक चढाला तो गटापासून तुटतो, गाठायला जोर मारतो आणि वाटेतल्या कामती गावापर्यंतच दमतो. थंडीत वारा बहुधा पूर्वेचा, म्हणजे पाठीवर असतो, त्यामुळे सुरुवातीला वेग आपोआप वाढतो. पहिले २० किलोमीटर बोलताना धाप लागणार नाही इतकंच चालवा.

पहिला थांबा तिऱ्ह्याला घ्या, सायकली तपासण्यासाठी. कॅरिअरचे बोल्ट पहिल्या तासातच सैल होतात. ४ आणि ५ मिमीच्या ॲलन की (षटकोनी चाव्या) वरच्या खिशात असू द्या. पेडल मारताना टाच बॅगेला लागत असेल तर बॅग मागे सरकवा. सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) टेपची खूण करून ठेवा, सीट खाली घसरली की लगेच कळेल. पुढचा थांबा बेगमपूरजवळ भीमा ओलांडल्यावर, मग मंगळवेढा.

पंक्चर होणारच, कारण कडेला बाभळीचे काटे असतात. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवरच्या नावापाशी होता का, हे बघून ठेवा. ट्यूबमधलं भोक सापडलं की त्याच अंतरावर टायरमध्ये काटा शोधता येतो. त्याचं टोक आत मोडून राहतं, बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे काटा. तो न काढता नवी ट्यूब घातली तर पाच मिनिटांत पुन्हा बसाल. प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात. ७०० ची ट्यूब २६ इंचीत चालत नाही.

खाण्याला शेंगापोळीसारखं दुसरं काही नाही: गूळ, दाणे, आणि खिशात मोडत नाही. दर ४५ मिनिटांनी अर्धी. कडक भाकरी मुक्कामाला ठेवा, चालवताना घशाला कोरड पडते. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहानेची वाट न बघता. थंडीत ती उशिरा लागते.

सांगोल्याला पोचल्यावर आधी चेन पुसून तेल द्या आणि पंक्चर ट्यूबला पॅच लावा. आंघोळ त्यानंतर.