‘राइट-इन’ उमेदवाराला अपक्ष म्हणावं का?

प्रश्न असा आहे : १९५४ साली साउथ कॅरोलायनातून स्ट्रॉम थर्मंड ‘राइट-इन’ उमेदवार म्हणून अमेरिकी सिनेटवर निवडून आले. मराठीत लिहिताना त्यांना ‘अपक्ष’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते, नाही. आपल्याकडचा अपक्ष रीतसर अर्ज भरतो, अनामत ठेवतो, चिन्ह घेतो. त्याचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं असतं, पाठीशी पक्ष तेवढा नसतो. थर्मंड यांचं नेमकं उलट होतं. ते डेमोक्रॅटिक पक्षाचेच, राज्याचे माजी गव्हर्नर. पण मतपत्रिकेवर त्यांचं नावच नव्हतं. मतदारांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं; ‘राइट-इन’ म्हणजे हेच.

घडलं असं. पक्षाची उमेदवारी मिळवलेले सिनेटर बर्नेट मेबँक १ सप्टेंबरला अचानक वारले. निवडणूक नोव्हेंबरात होती. पक्षाच्या राज्य कार्यकारिणीने नव्याने प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदारांमध्ये होणारी निवडणूक) न घेताच एडगर ब्राऊन यांना उभं केलं. समोर रिपब्लिकन उमेदवार नव्हता, त्यामुळे कार्यकारिणीने परस्पर सिनेटरच नेमल्यासारखं झालं. लोक चिडले ते याच गोष्टीवर. थर्मंड यांनी शब्द दिला की निवडून आलो तर १९५६ मध्ये राजीनामा देईन आणि प्रायमरीला सामोरा जाईन. त्यांना सुमारे ६३ टक्के मतं पडली, आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला.

मग ‘बंडखोर’? राजकारणाच्या अंगाने हा शब्द जवळचा आहे, पण बंडखोराचंही नाव छापलेलं असतंच. आपल्याकडे कागदी मतपत्रिकेवर शिक्क्याऐवजी कुणी नाव लिहिलं तर मत बाद होतं. जी रीतच नाही तिला तयार शब्द कुठून मिळणार? ‘लेखी उमेदवार’ असा शब्द घडवला तर लेखी परीक्षेला बसणारा डोळ्यांपुढे येतो.

म्हणून नामाचा हट्ट सोडून क्रियापद वापरावं : ‘छापील यादीत नसलेल्या थर्मंड यांना मतदारांनी नाव लिहून निवडून दिलं.’ एकदा एवढं सांगितलं की पुढे खुशाल ‘राइट-इन’ लिहावं.

या वाक्यात ‘मतदारांनी’च्या जागी ‘जनतेने’ मात्र घालू नये. थर्मंड वंशभेदाचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि तिथल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांना तेव्हा मतदानापासून दूर ठेवलं जात होतं.