डोळ्यातल्या थेंबाने धाप लागते का? आणि बाकीचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, आम्ही कराडला असतो. काचबिंदू निघाला म्हणून त्यांना टिमोलॉलचे ड्रॉप्स चालू झालेत, सकाळ-संध्याकाळ. दमा त्यांना आधीपासून थोडा आहेच, पावसाळ्यात पंप लागतो. पण ड्रॉप्स चालू झाल्यापासून रात्री धाप लागते, जिना चढवत नाही. फॅमिली डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, फरक नाही. मी म्हणते हे ड्रॉप्समुळेच, तर घरचे मला हसतात की डोळ्यातल्या थेंबाने कधी छाती भरते का!

उत्तर : हसू देत त्यांना, तुमची शंका अगदी रास्त आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रू वाहून जायची बारीक नळी असते, ती नाकात उघडते, आणि थेंबाचा बराचसा भाग त्या वाटेने नाकात जाऊन तिथल्या त्वचेतून थेट रक्तात उतरतो. गोळी घेतली तर ती आधी लिव्हरमधून जाते, तिथे औषधाचा काही भाग निकामी होतो, थेंबाला ती चाळण लागतच नाही. आणि टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे म्हणजे बीपीसाठी आणि हृदयासाठी ज्या जातीच्या गोळ्या देतात त्याच जातीचा. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका त्याने आवळतात, नाडीही मंदावते. दमा असेल, किंवा नाडी आधीच मंद असेल, हार्ट ब्लॉक असेल (म्हणजे हृदयाचे ठोके चालवणारा संदेश वाटेत अडकत असेल), तर हे औषध देत नाहीत. मग दिलं कसं? बहुतेक वेळा असं होतं की डोळ्यांच्या दवाखान्यात फॉर्मवर लोक बीपी-शुगर लिहितात आणि दम्याचं सांगतच नाहीत, 'डोळ्याला काय करायचंय दम्याचं' म्हणून. आणि इकडे फॅमिली डॉक्टरांना ड्रॉप्सचं सांगत नाहीत कारण ड्रॉप्सना कोणी औषध समजतच नाही.

तर पुढचा थेंब टाकायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा, दमा आहे आणि धाप लागते असं स्पष्ट सांगा. ते बदलून देतील. बसल्या जागी धाप लागत असेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर फोन वगैरे राहू दे, सरळ हॉस्पिटल गाठा आणि ड्रॉप्सची बाटली सोबत न्या. नुसते बंद करून घरी बसू मात्र नका, डोळ्याच्या आतलं प्रेशर, ज्याने काचबिंदूत नस झिजते, परत वर जाईल.

एक गोष्ट जरा नीट वाचा. आजकाल दोन औषधं एकाच बाटलीत येतात, डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल, ब्रिमोनिडीन आणि टिमोलॉल, लॅटॅनोप्रोस्ट आणि टिमोलॉल. वरच्या मोठ्या अक्षरातल्या ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही, खालची बारीक अक्षरं वाचावी लागतात, नवीन बाटली आली की ती वाचाच.

बदली औषध बहुधा लॅटॅनोप्रोस्टच्या जातीचं मिळेल, रात्री एकदाच एक थेंब, त्याचा छातीला सहसा त्रास होत नाही. डोळा थोडा लाल होतो, पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, पापणीभोवतीची कातडी काळसर पडते. (त्याच जातीच्या बिमॅटोप्रोस्टला अमेरिकेत २००८ मध्ये पापण्या दाट करायला म्हणून अधिकृत मंजुरी मिळाली, त्यामुळे आमच्याकडे काचबिंदू नसलेल्या तरुण मुलीही ते मागायला येतात. मी देत नाही.) लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली सहसा फ्रीजमध्ये ठेवायची असते, फ्रीजरमध्ये नाही. उघडल्यावर किती दिवस चालते ते बाटलीवर लिहिलेलं असतं, साधारण चार ते सहा आठवडे, पुढे थोडं उरलं असलं तरी टाकून द्या. ब्रिमोनिडीन मिळालं तर तोंड कोरडं पडेल, झोप येईल, आणि घरात तान्हं मूल असेल तर ती बाटली कपाटात वर ठेवा, दोन वर्षांखालच्या मुलाला ते धोक्याचं आहे.

आता टाकायची पद्धत. एकच थेंब. डोळ्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीतला एक थेंबच ३० ते ५० चा असतो, म्हणजे दुसरा थेंब गालावरून जाणार आणि पैसेही त्याच्याबरोबर. थेंब टाकला की डोळा हलकेच मिटायचा, मिचकावायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे ती नळी बंद होते, औषध डोळ्यात राहतं, रक्तात कमी जातं. डॉर्झोलामाइड टाकणाऱ्यांना तोंड कडू लागतं ना, ते याच वाटेने, कोपरा दाबलात तर कमी लागेल. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. पण सासूबाईंच्या बाबतीत कोपरा दाबून टिमोलॉल चालू ठेवू असा विचार करू नका, दमा असताना तेवढं पुरत नाही.

प्रश्न : मिस्टरांचे काचबिंदूचे थेंब वर्षभर चालू होते. दिसण्यात काही सुधारणा नाही म्हणून त्यांनी मनानेच बंद केले, आता तर म्हणतात मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून टाकू. (नाशिक)

उत्तर : सुधारणा होणारच नव्हती. मोतीबिंदूत भिंग धुरकट होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नस झिजते आणि गेलेली नस कुठल्याच औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही, थेंब उरलेली वाचवायला असतात. त्यात कडेची नजर आधी जाते आणि समोरचं नीट दिसत राहतं म्हणून माणसाला काही कळत नाही. उद्याच परत चालू करा आणि प्रेशर आणि फील्ड टेस्ट (कडेची नजर किती उरली ते मोजायची तपासणी) करून घ्या. प्रेशर साधारण १० ते २१ मध्ये असतं, पण रिपोर्टवर १८ दिसलं म्हणून खुश होऊ नका, काहींची नस त्यातही झिजते, तुमच्या मिस्टरांसाठी किती हवं ते डॉक्टर ठरवतील. थेंबांचाच कंटाळा असेल तर लेसरचं विचारा, एसएलटी म्हणतात त्याला, ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल २०१९ मध्ये आले त्यात सुरुवातीलाच लेसर केलेल्या बहुतेकांना पुढची तीन वर्षं थेंब लागले नव्हते. सगळ्यांना चालत नाही, डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर वाहतं तो आतला कोन उघडा असावा लागतो. आणि त्यांच्या सख्ख्या भावंडांना आणि चाळिशीच्या मुलांना तपासून घ्यायला सांगा.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, उन्हाळ्यात डोळे फार खाजतात. मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाले ड्रॉप्स देतात, दोन दिवसात बरं वाटतं. असं किती दिवस चालेल?

उत्तर : अजिबात नाही चालणार. बाटली वाचा, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. खाज लगेच थांबते म्हणून आई-वडील खुश, मूल खुश, आणि आत प्रेशर हळूहळू वर जात राहतं, दुखत नाही, लाल होत नाही. खाजेच्या ॲलर्जीवर मिळालेल्या ड्रॉप्सनी नस गेलेली शाळकरी मुलं डोळ्यांच्या दवाखान्यांत येतात, आणि राग येतो तो याचा की हे टाळता येण्यासारखं होतं. स्टिरॉइड वाईट औषध नाही, पण ते मोजून, प्रेशर तपासत द्यायचं असतं. मुलाचं प्रेशर या आठवड्यात बघून घ्या, रोजच्या खाजेसाठी ओलोपॅटॅडीनसारखं बिनस्टिरॉइडचं मिळतं. आणि ती जुनी चिठ्ठी फाडा.

प्रश्न : डोळ्याचे ड्रॉप्स कानात चालतात असं ऐकलं, खरं का? मग कानाचे डोळ्यात? आणि आमच्याकडे कान दुखला की कोमट तेल घालतात. (रत्नागिरी)

उत्तर : पहिलं खरं आहे, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिनचे डोळ्याचे ड्रॉप्स डॉक्टर कानासाठीही लिहून देतात, पण डॉक्टर लिहून देतात, आपण नाही. उलटं कधीच नाही, कानाचं औषध डोळ्याइतकं निर्जंतुक असेलच असं नाही, डोळा भाजतो. चुकून गेलंच तर स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. तेल नको. तुमच्याकडच्या पावसात कानात बुरशी होते, तिला ओलावा आवडतो, तिथे क्लोट्रिमॅझोलचे ड्रॉप्स लागतात. आणि कान फुटलेला असेल, वाहत असेल, तर पडद्याला भोक आहे असंच धरून चाला, अशा वेळी मळ काढायचे किंवा जेंटामायसिन-निओमायसिनचे ड्रॉप्स मनाने घातले तर आतल्या कानाला इजा होऊन ऐकू येणं कमी होऊ शकतं. डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप्स गार असतील तर आधी बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरा, गार औषध कानात गेलं की गरगरतं.