मॅटाडोरचा सडलेला पत्रा: रंगाची घाई करू नको

भाऊ, जुनी मॅटाडोर व्हॅन भारी घेतलीस, पण आधी मॅट काढ आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं खालून सगळीकडं ठोकत जा, टणटण आवाज आला तर पत्रा चांगला, भद्द वाजला तिथं आतून गेला समज. दाराच्या खालची पट्टी, पायरी, चाकाच्या वरची कमान आणि काचेच्या रबराखालची कड, जुन्या मॅटाडोरचं गंजणं बहुतेक इथंच असतंय.

भोक पडलेल्या जागी पुट्टी भरून देतो म्हणणारे लै भेटतील, ऐकू नको. मागून ओल येत राहते अन् पहिल्याच पावसाळ्यात फुगवटा येतो. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत काप, वाळूज एमआयडीसीच्या भंगारात सीआरसी (कोल्ड रोल्ड, गुळगुळीत) पत्र्याचे तुकडे मिळतात का बघ, २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, तेवढा बास. वेल्डिंग सीओटूचंच (गॅस अन् बारीक तारेचं), साध्या रॉडनं एवढा पातळ पत्रा जळतोय. सलग ओढू नको, लांब लांब टाके मारत जा नाहीतर पत्रा वाकतो. आणि हो, आधी बॅटरीची वायर काढ, डिझेल टाकीजवळ काम असेल तर टाकीच उतरव.

घासल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मार, नुसता रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर) ओल शोषतो. आपल्याकडं मे महिन्यात थिनर लगेच उडतो म्हणून रंग सकाळी लवकर, स्लो म्हणजे हळू उडणारा थिनर घालून. दाराखालची पाणी जायची भोकं मात्र बुजवू नको, पेंटर हमखास बुजवतात.