एमपीएससी पूर्व परीक्षेचा कटऑफ थोडक्यात हुकला. स्वतःला माफ केलं तर आळशी होईन का?

नाही, उलट पुढच्या वेळी चालढकल कमी होण्याचीच शक्यता जास्त. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी ती कमी केली. सतत स्वतःला शिव्या घातल्या की पुस्तक नुसतं दिसलं तरी अपराधी वाटतं, मग ते उघडलंच जात नाही. फक्त 'पेपरच अवघड होता' म्हणून हात झटकणं याला माफी म्हणत नाहीत. काय चुकलं ते आधी कबूल करावं लागतं. अभ्यासिकेतल्या मित्राला तुम्ही 'नालायक' म्हणणार नाही, 'राज्यव्यवस्था कच्ची राहिली, जुने पेपर सोडव' म्हणाल. तेच वाक्य वहीत स्वतःसाठी लिहा.