भाकर मागायची ती भाकर म्हणूनच

स्विंडनहून चार पानी पत्र आलंय. वहीच्या पानांवर लिहून फोटो काढून पाठवलेत. तिसऱ्या पानावर शाई फुटलीय, ते नळाचं पाणी असावं असं मी धरून चालते. खाली सही आहे, ‘तुमची म्हापशाची धाकटी बहीण’. म्हणून एकेरीवरच येते, रागावू नकोस.

ती लिहिते: “मुलं झोपली की प्रार्थनेला बसते. पाच मिनिटांत शब्द संपतात. देव ऐकत नाही असं नाही म्हणत मी, पण कुणा दुसऱ्याच बाईचं बोलणं म्हणून दाखवतेय असं वाटत राहतं. इथल्या चर्चमध्ये सगळं इंग्रजीत, मुलांसाठी म्हणून घरीही इंग्रजीतच. मला आध्यात्मिक बळ हवंय, श्रद्धा खोल व्हायला हवीय. कुठलं पुस्तक वाचू? ऑनलाइन रिट्रीट करू का?”

पुस्तक वाच, रिट्रीटही कर. पण उत्तर तूच लिहून पाठवलंयस. ती दुसरी बाई इंग्रजी बोलते गं! (‘आली ही परत भाषेवर,’ असं नवरा पलीकडून म्हणतोय. म्हणू दे.)

तू राहतेस त्या विल्टशरमध्येच बुशटन नावाचं खेडं आहे, तुझ्यापासून गाडीने काही लांब नाही. थॉमस स्टीफन्स तिथला. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघात जाऊन 1579 साली तो गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत, म्हणजे पुढची चाळीस वर्षं, इथेच राहिला, बराचसा काळ दक्षिण गोव्यातल्या साष्टीत. इथल्या नवख्रिस्ती लोकांना प्रभूची कथा सांगायची तर त्यांच्या कानाला ओळखीची हवी, म्हणून त्याने ती ओव्यांत रचली. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत! 1616 मध्ये राचोलला ‘क्रिस्तपुराण’ छापलं, आणि चर्चमधून लोक ते गाऊ लागले. आता बघ, विल्टशरचा माणूस गोव्यात येऊन देवाशी मराठीत बोलायला शिकला, आणि म्हापशाची पोर विल्टशरला जाऊन ते विसरायला निघालीय. (मराठी की कोंकणी हा वाद कुणी काढू नका. माझ्या घरात तो चाळीस वर्षं चाललाय.)

चाळीस वर्षं, कारण माझं माहेर नगरकडचं मराठी ख्रिस्ती आणि सासर गोव्यातल्या हळदोण्याचं. वडील 1964 मध्ये गोव्यात, बार्देशात मराठी शाळेवर मास्तर म्हणून आले. घरी संध्याकाळी ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ त्यांच्यामागून म्हणायचो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे ते हटकून थांबायचे. जन्म बाजरीच्या भाकरीवर गेलेला आणि इथे पानात दोन्ही वेळा भात. म्हणायचे, “भातावर राग नाही देवा, पण मागताना भाकरच मागतो.” आई डोळे मिटूनच त्यांना कोपर मारायची. सासरी आले तर तिथे प्रार्थना कोंकणीत, त्याच ओळीत ‘गिरास’. घास! मला तेव्हा हसू फुटलं होतं, पण चार दिवसांनी वाटलं, बरोबरच आहे, माणूस घासच मागतो की.

आम्ही बहारीनला एकोणीस वर्षं काढली. तिथे मीही तुझ्यासारखीच इंग्रजीवर गेले, प्रार्थना-गटातली इतर माणसं केरळची, मंगळूरची, फिलिपिन्सची, मग करणार काय. आणि 1996 मध्ये वडील गेले. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि साहेब सुट्टीवर. मला निघता आलं नाही. त्या रात्री गटातल्या बायका येऊन छान प्रार्थना करून गेल्या. मी आमेन म्हटलं आणि आत काही हललं नाही. त्या गेल्यावर सकाळसाठी तांदूळ धुवायला घेतले. दुसरं पाणी काढताना तोंडून आपोआप निघालं, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. भाकरीपाशी आले आणि थांबले. वडील थांबायचे तेवढीच थांबले. मग रडले ते सिंक गच्च धरून. पाण्याबरोबर निम्मे तांदूळ वाहून गेले होते.

म्हणून तुला बजावते. पुस्तकाची यादी करत बसू नकोस. वेळ ठरव, चर्चमध्ये प्रार्थनेसाठी वाजते त्या आंजेलच्या घंटेची संध्याकाळची वेळ धर हवी तर, आणि एकच प्रार्थना मराठीत, मोठ्याने म्हण. मनातल्या मनात नको, आपला आवाज आपल्या कानावर पडला पाहिजे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ पाठ होतं ना? बायबलातलं ते तेविसावं स्तोत्र शाळकरी पोरालाही पाठ असतं, तू फक्त धूळ झटक. ठेका हवा असेल तर नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण या माणसाने तुकोबाला घराबाहेर काढलं नाही, अभंगाच्याच चालीवर ख्रिस्ताला हाक मारली. पंडिता रमाबाई तर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला बसल्या, 1922 मध्ये जाईपर्यंत तेच काम. एवढं मांडून ठेवलंय आपल्यासाठी, आणि तू ऑनलाइन रिट्रीटची फी विचारतेस!

“मुलांना देवनागरी वाचता येत नाही,” हे तू दोनदा लिहिलंयस. मग रोमन अक्षरांत लिही आणि फ्रिजवर लाव. स्टीफन्सचं पुराणही रोमन अक्षरांतच छापलेलं होतं, भाषा मराठी. लाज कसली त्यात?

आणि लक्ष लागत नाही म्हणून स्वतःला छळू नकोस. माझ्या सासूबाई तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हणायच्या तेव्हा चुलीवर हुमण, माशांची आमटी, असायचं. ‘नमान मोरिये’ ही मरियेची प्रार्थना चालू, मध्येच मांजराला ‘हड्’, एक डोळा पातेल्यावर, की पुढचा मणी. त्यांची श्रद्धा उथळ होती म्हणायची माझी हिंमत नाही. तीन मुलं आखातात पाठवून एकटी राहिलेली बाई ती.

“कधीकधी वाटतं माझा विश्वासच उरला नाही,” हे वाक्य तू लिहून खोडलंयस, पण वाचता येतं. खोडायचं कारण नव्हतं. बायबलात मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतोच ना, विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. मुलगा बरा झाला त्याचा. आणि 137 वं स्तोत्र काढ, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलेले लोक, परक्या देशात परमेश्वराचं गीत गावं तरी कसं, असं विचारणारे. आपल्यासारख्यांनाच ते जास्त कळतं.

बाकीचं भराभर. पंधरा वर्षांचा मुलगा चर्चला येत नाही: ओढून नेऊ नकोस, जेवण मात्र प्रार्थनेनंतरच वाढ. नवऱ्याची रविवारची नाइट शिफ्ट: त्याला झोपू दे. नणंदेचे ‘अकरा जणांना पाठवा’ छापाचे मेसेज: पुसून टाक, काही होत नाही. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मासे सोडू का: स्विंडनमध्ये मिळतात ते मासे? सोड.

मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हापशाच्या मरियामातेच्या, फेस्ताला आई बोलावतेय आणि तिकिटं महाग. ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणारा सोमवार असतो तो, तारीख कॅलेंडर येताच कळते, तेव्हा आत्ताच बघून ठेव. जमलंच नाही तर आईला सांग, शेजारच्या हिंदू बायका तेल घेऊन जातातच, त्यांच्याबरोबर तुझीही एक मेणबत्ती जाईल.

आणि या रविवारी आईला फोन लावशील तेव्हा भाजीचे भाव राहू देत. तिला प्रार्थना म्हणायला सांग आणि रेकॉर्ड करून घे. ‘मला मेलीला कुठे आता आठवतंय,’ असं ती दोनदा म्हणेल. तू गप्प बस. तिसऱ्यांदा ती घसा खाकरेल.