विचारा की राव! : 'सुरभी', पोस्टकार्डं आणि मिरजेची जवारी

प्रश्न : घरात वाद पेटलाय. मी म्हणते, टीव्हीवरच्या 'सुरभी'मुळं पोस्टकार्ड महाग झालं. आमचे हे म्हणतात कायच्या काय, एका प्रोग्रामनं असं होतं होय? आणि नुसतं कला-बिला दाखवून तो एवढी वर्षं चालला कसा?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, पारडं तुमच्याकडं झुकतंय, पण पूर्ण नाही. साध्या कार्डाचा दर नाही वाढवला, स्पर्धेसाठी वेगळंच कार्ड काढलं. झालं असं की प्रोग्राममध्ये विचारलेल्या स्पर्धेच्या प्रश्नाचं उत्तर १५ पैशांच्या कार्डावर खरडायचं आणि पेटीत टाकायचं, एवढंच काम, त्यामुळं अख्खा देश लिहायला बसला. १९९३ मध्ये एका आठवड्यात १४ लाखांवर पत्रं आली, विक्रमांच्या लिम्का बुकात नोंद आहे. आता १५ पैशात पोस्टानं एवढी ओझी वाहायची म्हणजे तोट्याचाच धंदा, मग २ रुपयांचं स्पर्धा पोस्टकार्ड आलं. साहेबांना म्हणावं चहा तुम्हीच टाका.

चालला कसा म्हणाल तर, लोक लगेच म्हणतात तेव्हा दूरदर्शनशिवाय होतं काय. पण ९२ ला झी आलं, गल्लोगल्ली केबल गेली, तरी १९९० चा हा प्रोग्राम २००१ पर्यंत टिकलाच की. सूत्रसंचालक सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे गप्पा मारल्यासारखं बोलायचे, भाषण नाही. शिवाय विणकर, कुंभार, मूर्तिकार यांचे हात कामात दाखवायचे, नुसतं हारतुरे आणि सत्कार नाही. माझं तर ठाम मत आहे, आजचे रिॲलिटी शो इथंच मार खातात, तिथं कलेपेक्षा जजचं रडणंच जास्त.

प्रश्न : नातवाला तसलं काही दाखवायचंय, यूट्यूबवर काय लावू?
— आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, मोबाइल ठेवा आणि मिरजेची एसटी धरा, लांब आहे होय! सतारमेकर गल्लीत जा. पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले दिसतील, त्यातलाच एक कापून सतारीचा नाहीतर तंबोऱ्याचा भोपळा होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. पण नातवाला जवारीचं, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवायचं काम आवर्जून दाखवा. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तिचा माथा कानशीनं जरासा घासायचा, तार लावून छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. तार त्या उतारावर पुढं पुढं टेकत जाते म्हणून तो झणझणीत घुमणारा आवाज येतो. जास्त घासलं गेलं की आवाज बसतो, परत पहिल्यापासून. हे मोजपट्टीनं होत नाही, कानानंच होतं. कारागीर कामात असले तर मधेच प्रश्न विचारू नका, चहाला उठले की मोकळेपणानं बोलतात. आणि नातवाला आधीच सांगून ठेवा, टांगलेल्या भोपळ्यांना हात लावायचा नाही.